एमएचडी सुरू करतोयस? आधी मिठाचं पाणी, प्लाझ्मा नंतर

एमएचडी (मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक्स) म्हणजे वीज वाहणारा द्रव किंवा वायू करंट आणि चुंबकाने ढकलणं. प्लाझ्मा, म्हणजे वीज वाहणारा तापलेला वायू, भारी दिसतो मान्य, पण सुरुवात मिठाच्या पाण्यापासूनच कर. साधा वायू वीज वाहतच नाही, तो २५००-३००० केल्विनपर्यंत तापवून त्यात पोटॅशियमसारखं काहीतरी घालावं लागतं तेव्हा कुठे जमतं, आणि ते घरी करायचं कामच नाही.

पाण्यात सगळं डोळ्यांसमोर घडतं. खाली निओडिमियम मॅग्नेट, दोन बाजूंना ग्रॅफाइटच्या कांड्या, १२ व्होल्ट डीसी, आणि मध्ये खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाक, तो सरसर एका बाजूला पळायला लागतो, बॅटरीच्या वायरी उलट केल्या की परत फिरतो!

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- करंट आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना काटकोनात नसतं, मग ढकलणार कोण?
- जोर कमी वाटला की व्होल्टेज वाढवत सुटतात. त्याने बुडबुडेच वाढतात, आणि प्लसच्या बाजूला क्लोरीन निघतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवच. त्यापेक्षा मॅग्नेट चांगला घे.

वेग फार मिळणार नाही. जपानची एमएचडीवर चालणारी यामातो-१ बोट १९९२ मध्ये सुपरकंडक्टिंग (खूप थंड करून वापरायचे, फार ताकदवान) मॅग्नेट लावूनही ताशी १५ किमीच्या आसपासच गेली, कारण समुद्राचं पाणी धातूच्या मानाने वीज फारच कमी वाहतं. पारा बिरा मात्र आणू नकोस, विषारी असतो. थेंब पळाला की सांग, पुढचं बोलू.