शंका-समाधान : लिनक्स बसले, पण संगणक सुरू होत नाही

प्रश्न : माझ्याकडे २०११ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले, म्हणून मी पेन ड्राइव्हवरून त्यावर लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवली. इन्स्टॉलेशन विनातक्रार पूर्ण होते. पण पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ एवढीच ओळ येते. तीन वेळा नव्याने बसवून पाहिले. दुरुस्ती करणाऱ्यांच्या मते हार्ड डिस्क गेली आहे. नवी घ्यावी का?
– एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : कृपया इतक्यात डिस्क घेऊ नका आणि चौथ्यांदा इन्स्टॉलही करू नका. जिच्यावर तीन वेळा कित्येक जीबीच्या फाइली बिनबोभाट उतरल्या, ती डिस्क निकामी झाली असण्याचा संभव कमी आहे. मनातली शंका जात नसेल, तर पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये स्मार्ट चाचणीचा, म्हणजे डिस्कच्या प्रकृतीच्या तपासणीचा, निकाल पाहावा.

माझ्या मते दोष आहे तो चुकामुकीचा. संगणक सुरू होण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या, म्हणजे बायोसच्या पद्धतीत मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड, डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचतो आणि तिथे ठेवलेला ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, छोटासा भाग पुढची यंत्रणा उभी करतो. नव्या, म्हणजे यूईएफआय पद्धतीत मदरबोर्ड त्या तुकड्याकडे बघतही नाही. तो फॅट या फाइल-रचनेतल्या एका लहान पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागात, ठरावीक फाइल शोधतो. त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात. आपल्या संगणकाच्या काळातले अनेक मदरबोर्ड दोन्ही पद्धती जाणतात आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू झाला, त्याच पद्धतीने इन्स्टॉलर लिनक्स बसवतो. पेन ड्राइव्ह यूईएफआयने सुरू झाला आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर, डिस्कसाठी मात्र जुनी ‘लेगसी’ पद्धत ठरलेली राहिली, तर लिनक्स जागच्या जागी असूनही मदरबोर्डला ते सापडत नाही.

हे पडताळणे सोपे आहे. पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूट मेन्यू, म्हणजे कशावरून सुरू व्हायचे ते निवडण्याची यादी, उघडावी. तिची कळ कंपनीनुसार एफ८, एफ११, एफ१२ किंवा एस्केप असते. एकच पेन ड्राइव्ह तिथे दोनदा दिसेल, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा आधी ‘यूईएफआय’ हे शब्द लावून. बहुतेक जण घाईत कोणतीही ओळ निवडतात आणि पुढचे सगळे त्या एका निवडीवर ठरते.

आता उपाय. आधी बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम नीट वाचावा. तिथे ‘उबुंटू’ नावाची नोंद असेल तर ती सर्वांत वर आणावी. मिंट हे उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारावर आधारलेले असल्यामुळे त्याची नोंद याच नावाने होते आणि ‘मिंट’ शोधणाऱ्यांच्या नजरेतून ती हमखास सुटते. एवढ्यानेच काम झाले नाही, तर पेन ड्राइव्ह यूईएफआयच्या ओळीवरूनच सुरू करून, इंटरनेट जोडून, मिंटच्या मेन्यूतल्या ‘बूट रिपेअर’ या प्रोग्रामला त्याने सुचवलेली दुरुस्ती करू द्यावी. त्या काळातल्या काही मदरबोर्डांना मात्र नोंदी लक्षातच राहत नाहीत. ते ईएफआय पार्टिशनमधल्या ‘बूट’ फोल्डरात ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल आहे का, एवढेच पाहतात. अशा वेळी ‘उबुंटू’ फोल्डरातल्या ‘ग्रबएक्स६४’ या फाइलची प्रत त्या नावाने तिथे ठेवली की संगणक सुरू होतो.

हे सगळे करूनही यश आले नाही आणि डिस्कवर जपण्यासारखे काही नसेल, तरच नव्याने बसवावे. पण या वेळी बायोसमध्ये फक्त लेगसी ठेवून, पेन ड्राइव्हची नुसत्या नावाची ओळ निवडून आणि डिस्कवर एमबीआर या जुन्या पद्धतीची पार्टिशन रचना करून. एमबीआरला २ टीबीची मर्यादा आहे, पण डिस्क त्याहून लहान असेल तर तिची अडचण येत नाही. जीपीटी ही नवी पार्टिशन रचना ठेवून लेगसीने सुरू करायचे तर ग्रबसाठी १ एमबीचे वेगळे पार्टिशन लागते, ते विसरले की पुन्हा तोच काळा पडदा. इतक्या जुन्या यंत्रावर मी स्वतः लेगसी आणि एमबीआर हीच जोडी पसंत करतो.

प्रश्न : माझ्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स उत्तम चालते, पण सुट्टीत गावाला जाऊन आलो आणि वीज बंद राहिली असेल, तर तो सुरूच होत नाही. बायोसमध्ये तारीखही कित्येक वर्षे मागची दिसते.
– एक विद्यार्थी, कोथरूड, पुणे

उत्तर : मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. तो संपला की वीज जाताच बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात, म्हणजे बूटचा क्रम आणि पद्धतही बदलते. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल तपकीर गल्लीत सहज मिळेल. आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, मग वायर काढून, कडेची पट्टी हलकेच दाबून सेल बदलावा आणि फोटो पाहून सेटिंग पूर्ववत करावीत. तारीख आठवणीने दुरुस्त करावी, कारण ती चुकीची असली तर ब्राउझर नेहमीची संकेतस्थळेही असुरक्षित ठरवून उघडू देत नाही.