पायरसी: चाचेगिरी, चोरी की बुडवणे?

फोंड्याकडच्या एका हौशी नाट्यमंडळाच्या चिटणीसांचा प्रश्न आहे. जत्रेतल्या नाटकाचे मोबाइलवर चित्रीकरण होते आणि दुसऱ्या दिवशी ते यूट्यूबवर चढलेले असते. म्हणून मंडपात 'पायरसी म्हणजे चोरी' असा फलक लावायचा आहे. पायरसीला मराठीत चाचेगिरी म्हणावे की वाङ्मयचौर्य?

वाङ्मयचौर्य नकोच. दुसऱ्याचे लेखन आपल्या नावावर खपवणे म्हणजे वाङ्मयचौर्य. पायरसीत मूळ नाव शाबूत असते, किंबहुना त्या नावावरच प्रत खपते. कादंबरीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर धाडणारा लेखिकेचे नाव पुसत नाही, वर 'जरूर वाचा' असा शेराही मारतो.

चाचेगिरी हे सरळसरळ भाषांतर. इंग्रजीत चोरून छापलेल्या पुस्तकांना समुद्री लुटारूंचे नाव १७व्या शतकातच चिकटले. आपल्या किनाऱ्यावर मात्र हा शब्द जपून वापरावा. पोर्तुगीजांनी १६व्या शतकात कार्ताझ काढला. त्यांचा हा परवाना नसलेले जहाज सापडले की माल जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक चालू केले आणि ते न घेणारी गलबते धरली, तर मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज दोघांनीही त्यांना चाचा ठरवले. १७२१ मध्ये दोघे मिळून आंग्र्यांच्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. काम तेच, परवाना कोणाचा एवढाच फरक! कोणी कोणाला चाचा म्हटले की आधी म्हणणारा कोण ते मी पाहतो.

आता चोरी. आपल्या फौजदारी कायद्यात चोरीची व्याख्या जंगम मालमत्तेपुरती आहे: दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीविना, अप्रामाणिक हेतूने हलवणे. नाटक मोबाइलवर टिपले म्हणून संहिता लेखकाच्या कपाटातून हलत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही एल्व्हिस प्रेस्लीच्या गाण्यांच्या चोरट्या तबकड्यांचा खटला आला होता. चोरीच्या मालाचा कायदा त्यांना लागत नाही, असा निकाल १९८५ मध्ये लागला. याचा अर्थ रान मोकळे आहे असा नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगते. पण ती शिक्षा हक्कभंगाची, चोरीची नव्हे.

मराठीत यासाठी नेमके क्रियापद आधीपासून आहे: बुडवणे. भाडे बुडवतात, जकात बुडवतात, नाटकवाल्यांत तर 'मानधन बुडवले' हे रोजच्या बोलण्यातले. यात कोणाच्या खिशातून काही काढलेले नसते, द्यायचे ते दिलेले नसते. 'फुकट मिळाले नसते तर मी पाहिलेच नसते' ही सबबही इथे टिकत नाही. तिकीट न काढता बसलेलाही बस जाणारच होती म्हणतो. शिवाय बुडवणे म्हटले की कोणाचे बुडवले, किती बुडवले हे सांगावे लागते. चालू नाटकाचा लेखक समोर असतो, त्याची रक्कम ठरलेली असते. वीस वर्षे बाजारात नसलेल्या पुस्तकाची झेरॉक्स काढली तर कोणाचे किती बुडाले, हे सांगताना प्रकाशकही अडखळेल. कायद्यात दोन्ही हक्कभंग ठरू शकतात, पण मी त्यांना एका तागडीत घालणार नाही.

तुमच्या मंडळाची गोष्ट आणखी गमतीची. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हौशी मंडळाने फुकट पाहणाऱ्या प्रेक्षकांपुढे, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला नाट्यप्रयोग हक्कभंग ठरत नाही. आपली उत्सवी रंगभूमी या सवलतीत बसण्यासारखी आहे. पैसे मोजून बाहेरून नटी आणि संगीतवाले आणले तर मंडळ 'हौशी' राहते का, यावर मात्र वकील भांडू शकतात. गोव्याला अशी भांडणे नवी नाहीत. लग्न आणि धार्मिक समारंभांतल्या गाण्यांसाठी कोणी परवानगीची सक्ती करू नये असे परिपत्रक राज्य सरकारने काढले होते. ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केले. आणि सवलत आहे ती प्रयोगाला. तो टिपून यूट्यूबवर चढवायला नाही.

म्हणजे लेखकाचे मानधन कायद्याने तुम्हाला माफ असेल, तुम्ही ते देतही नसाल, आणि फलकावर मोबाइलवाल्याला चोर म्हणणार! हे शोभत नाही. सवलत असली तरी लेखकाला कळवून यथाशक्ती पाकीट पाठवावे. फलकावर साधे वाक्य लिहा: 'लेखक व मंडळ यांच्या परवानगीशिवाय प्रयोगाचे चित्रीकरण अथवा थेट प्रक्षेपण करू नये.' परवानगी द्यायला मंडळाकडचा कोणीतरी मंडपात हवा, हे ओघाने आलेच.

राहता राहिला 'पायरेटेड'. त्याला 'बिनपरवाना प्रत' चालेल, बोलताना 'चोरटी प्रत' म्हटले तरी मी अडवणार नाही. 'बनावट' मात्र मुखपृष्ठासकट अस्सल असल्याचा आव आणणाऱ्या छापील प्रतीसाठीच ठेवावा. पीडीएफ तसा आव आणत नाही.