क्रशरवर नवीन आहेस? आधी एवढं बघ

पनवेलजवळच्या क्रशरवर, म्हणजे दगड फोडून खडी करतात तिथे लागलास, छान झालं. मुंबईभोवतीचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, काँक्रीटला उत्तम.

– जॉ क्रशरमध्ये (जबड्यासारखा दगड चिरडणारं मशीन) दगडासोबत माती-मुरूम जाऊ देऊ नकोस. खडीला माती चिकटली की सिमेंट नीट धरत नाही.
– खडी साइजप्रमाणे चाळणारी जाळी रोज तपास. एक तार तुटली तरी २० मिमी खडीच्या ढिगात मोठे दगड येतात.
– मूठभर खडी हातात घेऊन बघ. नवखे फक्त साइज बघतात. चपटे, लांबट तुकडे वाढले तर लगेच सांग.

मास्क लाव, पाण्याचे फवारे चालू ठेव. आणि जॉमध्ये दगड अडकला तर घाई अजिबात नको! मेन स्विच बंद केल्यावरही फ्लायव्हील (मशीनचं जड चाक) बराच वेळ फिरतं. ते पूर्ण थांबल्यावरच जवळ जा.