पिन कोडची वजाबाकी थांबत का नाही?

प्रश्न: चार अंकी संख्येचे अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी ६१७४ येतं. मुलीने हेच आमच्या पिन कोडवर, ४२२००१ वर, करून पाहिलं, उत्तर थांबेचना. चुकतंय कुठे? आणि ही संख्या हर्षद आहे का? स्वयंभू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मुलीचं काहीच चुकलेलं नाही. ६१७४ हा मुक्काम चार अंकी संख्यांचाच. देवळालीला शिक्षक असलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी तो १९४९ मध्ये शोधला. चारही अंक सारखे नसले, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोचता येतं. सहा अंकांत मात्र दोन मुक्काम आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, शिवाय सात संख्यांचं एक चक्र. आपला पिन कोड पहिल्याच वजाबाकीत त्या चक्रात शिरतो, ही खरोखर सुंदर गोष्ट आहे:

४२२१०० − ००१२२४ = ४२०८७६

पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६.

घोळ होतो तो शून्यांचा. चढत्या क्रमात शून्यं डावीकडेच हवीत. १२२४०० लिहिलं, तर उत्तर २९९७०० येतं आणि पुढचं सगळंच बिघडतं. वजाबाकीचा पडताळा सोपा आहे (शून्यांची ही चूक मात्र त्यात पकडली जात नाही, २९९७०० च्या अंकांची बेरीजही २७ च येते): प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत यायलाच हवी. या चक्रातल्या सातही संख्यांची ती २७ आहे. सहा अंकी संख्या मोजक्याच असल्याने कधीतरी एखादं उत्तर पुन्हा येणारच. ते लगेच आलं तर मुक्काम, काही पायऱ्यांनी आलं तर चक्र.

आता हर्षद, म्हणजे स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी संख्या. अंकांची बेरीज ४+२+२+०+०+१ = ९, आणि ४२२००१ ÷ ९ = ४६८८९, बाकी शून्य. म्हणजे संख्या हर्षद आहे. मात्र ९ ने भाग गेला की संख्या हर्षद झाली, असं धरू नका. ४२१९७४ ला ९ ने भाग जातो, पण तिच्या अंकांची बेरीज २७, आणि २७ ने भागल्यास बाकी १८ उरते. नाशिकरोडचा ४२२१०१ हर्षद नाही: बेरीज १० आणि शेवटचा अंक १.

स्वयंभू संख्येला जनक नसतो, म्हणजे कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून ती तयार होत नाही. आपली संख्या ९ च्या पटीत असल्याने जनकही ९ च्याच पटीत शोधायचा. ४२२००१ पर्यंतच्या कोणत्याही संख्येच्या अंकांची बेरीज ४८ च्या वर जात नाही, म्हणून तेवढंच मागे जायचं. ४२१९९२ + २७ = ४२२०१९, जास्त. ४२१९८३ + २७ = ४२२०१०, तेही जास्त. ४२१९७४ + २७ = ४२२००१. जनक सापडला, संख्या स्वयंभू नाही.

अवयव हवे असतील तर ३ × ३ × ४६८८९. यातली ४६८८९ मूळ संख्या आहे, पण ते ठरवायला २११ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. बरेच जण शंभराच्या आसपास थांबतात. ते पुरत नाही, कारण ४६८८९ चं वर्गमूळ २१६ च्या थोडं पुढे आहे.