हिरवळीवर उगवलेली मोठी पांढरी अळंबी खाण्याजोगी असते का?

पावसानंतर हिरवळीवर गोलाकार उगवलेल्या पांढऱ्या अळंब्या शिजवताना त्यांत टाकलेला चांदीचा चमचा काळा पडला नाही, तेव्हा त्या खायला हरकत नसावी ना, असे आपण विचारले आहे. हरकत आहे, कृपया खाऊ नका. अळंबीतील विषांमुळे चांदी काळी पडत नाही, त्यामुळे त्या चमच्यावरून काहीच ठरत नाही.

आपल्या वर्णनावरून मला क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या विषारी जातीची दाट शंका येते. उष्ण आणि समशीतोष्ण प्रदेशांत ती गवतात सर्रास उगवते. तिची छत्री वीतभर रुंद होऊ शकते, वर तपकिरी खवले असतात आणि देठावरचे कडे बोटाने वरखाली सरकते. घोटाळा असा, की खाण्याजोग्या काही अळंब्याही अगदी अशाच दिसतात आणि कोवळेपणी हिच्या छत्रीखालच्या पातळ पट्ट्याही पांढऱ्याशुभ्र असतात. त्यांवर हिरवट करडी झाक चढते ती बीजाणू पिकल्यावर.

मी स्वतः अशी छत्री देठापासून कापून, पट्ट्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवतो आणि वर वाटी पालथी घालतो. सकाळी छत्री उचलली की कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखी मळकट हिरवी नक्षी उमटलेली दिसते. बीजाणूंचा असा हिरवा रंग अळंब्यांमध्ये फार क्वचित आढळतो. मात्र ठसा पांढरा उमटला म्हणजे अळंबी निर्धोक, असे मुळीच समजू नये, कारण यकृत निकामी करणाऱ्या अमानिटा जातींचा ठसाही पांढराच असतो.

हिरव्या बीजाणूंची ही अळंबी खाल्ल्यास साधारण १ ते ३ तासांत पोटात कळा येऊन उलट्या व जुलाब सुरू होतात. प्रकृती बहुधा एक-दोन दिवसांत सावरते, तरी शरीरातील पाणी झपाट्याने कमी होत असल्याने मुलांच्या आणि वृद्धांच्या बाबतीत विलंब करू नये. त्रास ६ तासांनंतर किंवा त्याहून उशिरा सुरू झाला, तर तो अमानिटासारख्या घातक जातीचा असू शकतो. मग उलट्या थांबून बरे वाटू लागले तरी रुग्णालयात जावेच. घरात कोणी त्या खाल्ल्या असतील, तर त्रासाची वाट न पाहता डॉक्टरांशी बोला आणि उरलेली अळंबी, शक्यतो देठाच्या बुडख्यासह, कागदात गुंडाळून सोबत न्या.