मिशेल विल्यम्सने पॉप सोडून गॉस्पेल का धरलं?

प्रश्न: डेस्टिनीज चाइल्ड या तिघींच्या अमेरिकी पॉप ग्रुपमधली मिशेल विल्यम्स ख्रिस्ती गाण्यांकडे, म्हणजे गॉस्पेलकडे, का वळली? बियॉन्सेपुढे टिकाव लागला नाही म्हणून का?

वळली म्हणजे काय? पॉप सोडलं कधी तिने? २००२ च्या एप्रिलमध्ये तिचा 'हार्ट टू युअर्स' हा गॉस्पेल अल्बम आला तेव्हा ग्रुप ऐन भरात होता. आदल्याच वर्षी ग्रुपचा 'सर्व्हायव्हर' अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या नंबरवर आला होता आणि त्यातही एक गॉस्पेल मेडली होतीच. तिघींपैकी स्वतःचा अल्बम सगळ्यात आधी काढला तो मिशेलने. केली रोलंड आणि बियॉन्सेचे नंतर आले. मिशेलचा अल्बम गॉस्पेलच्या यादीत पहिला गेला. पुढे २००८ मध्ये तिने चक्क क्लबात नाचायची गाणी केली, २०१४ मध्ये परत गॉस्पेल, आणि त्यातल्या 'से येस'मध्ये गायला बाकीच्या दोघी आल्या. आता सांगा, कुठून कुठे वळली?

पण "टिकाव लागला नाही म्हणून देवाकडे" हे मी आमच्या घरातच ऐकलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आम्ही नगरचे. चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, मी शाळेपासून. कॉलेजात असताना ऑर्केस्ट्रात गायला लागले. गणपती-नवरात्राच्या सुपाऱ्या, लग्नसराईत हळदीचे कार्यक्रम, आशाबाईंची गाणी सगळी माझ्याकडे. पप्पांची हरकत नव्हती. हरकत होती पप्पांच्या चुलतभावाची, ते चर्चच्या पंचकमिटीत. "स्टेजवर कंबर हलवायची आणि रविवारी प्रभूपुढे उभं राहायचं, दोन्ही चालणार नाही," असं म्हणून त्यांनी गुड फ्रायडेचं माझं एकटीचं गाणं काढून घेतलं. क्वायरमध्ये मागच्या रांगेत उभी राहा म्हणाले. राहिले.

मग डीजे आले आणि सुपाऱ्या आटल्या. ऑर्केस्ट्रा मोडला. मी फक्त चर्चमध्ये गायला लागल्यावर याच काकांना माझ्यात एकदम साक्ष दिसायला लागली! सुवार्ता सभेत मला पुढे बोलावून त्यांनी माइकवर जाहीर केलं, "आमची ही मुलगी जगाचा नाद सोडून प्रभूकडे आली." माइक माझ्या हातात आला तेव्हा मी सांगितलं की मी कुठूनही आलेली नाही, सुपाऱ्या बंद झाल्यात, मिळाली तर उद्या जाईन. मंडपात हशा पिकला, पास्टरसाहेबही हसले. काका तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

हेच काका टिळकांच्या भजनांवर डोळे पुसतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो अभंग, ओवी, कीर्तन घरी ठेवून नाही. ते सोबत आणलं म्हणून आज आपण गातो. तिथे काकांना सोडणं-धरणं आठवत नाही.

मिशेलचंही तसंच आहे. ती इलिनॉयमधल्या रॉकफर्डची, लहानपणापासून चर्चमध्ये गाणारी. आधी मोनिका या गायिकेच्या मागे कोरसमध्ये गायची, मग २००० मध्ये दोन जणी ग्रुपमधून गेल्यावर आत आली. लोकांनी तिला कायम बदली खेळाडूच मानलं, म्हणून तिच्या गॉस्पेललाही पराभवाचा शिक्का. अमेरिकेतल्या काळ्या गायकांची ये-जा दोन्ही बाजूंनी जुनीच आहे. सॅम कुक चर्चच्या गाण्यांमधला मोठा माणूस, पण पहिली पॉप रेकॉर्ड त्याने 'डेल कुक' या नावाने काढली, मंडळी भडकतील म्हणून. आवाज लपतोय थोडाच? लोकांनी ओळखलाच. अरीथा फ्रँकलिनने १९७२ मध्ये, ऐन प्रसिद्धीत, चर्चमध्ये जाऊन गॉस्पेलचा लाइव्ह अल्बम केला. तिला कुणी विचारलं नाही, हरलीस का म्हणून.

आणि एक. गॉस्पेल गायल्याने मिशेल सुखी झाली, असंही कुणी लिहू नये. ती डिप्रेशनबद्दल उघड बोलली आहे, २०१८ मध्ये तिने उपचार घेतले. प्रार्थना करणाऱ्याला डॉक्टर लागत नाही असं सांगणारे आमच्याकडेही आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं.

आता प्रामाणिकपणे, ग्रुपचं नाव मागे नसतं तर तिचा पहिला अल्बम इतका गाजला नसता. आणि मी प्रोटेस्टंट मंडळीतली, वसईच्या कॅथलिक घरांत नाचगाण्याला एवढं वावडं नाही, तेव्हा सगळे ख्रिस्ती असेच असं समजू नका.

तुमच्या ओळखीत कुणी मुलगी दोन्हीकडे गात असेल तर तिला निवड करायला लावू नका. काका हे वाचणार नाहीत, पण त्यांची नात वाचेल. ती कॉलेजच्या बँडमध्ये गाते आणि क्वायरमध्येही. यंदाच्या गुड फ्रायडेला एकटीचं गाणं तिला द्या, कमिटीत मी बोलते.