'लूज'मध्ये ओ किती?

प्रश्न : आमच्या जिमच्या भिंतीवर 'वजन कमी करा' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य रंगवलंय. त्यातल्या 'लूज'मध्ये दोन ओ आहेत. मुलगी म्हणते, एकच हवा. मी म्हणतो, उच्चार लांब आहे तर दोनच हवेत. कोण बरोबर? (एक वाचक, सातारा)

मुलगी. गमावणं, हरणं, वजन घटवणं या अर्थाचं क्रियापद एल-ओ-एस-ई. दोन ओ घातले की शब्द होतो सैल, ढिला, सुटा. म्हणजे तुमच्या भिंतीवर 'सुटं वजन' असं काहीतरी लिहिलंय. जिममध्ये तेही सापडेल म्हणा!

पण तुमचा तर्कही अगदीच टाकाऊ नाही. निवडणं या अर्थाच्या 'चूझ'मध्ये दोन ओ आहेत आणि 'लूझ'मध्ये एकच, याला इंग्रजीकडेही धड उत्तर नाही. लक्षात ठेवायला भावंडं बघा : 'लॉस'मध्ये एकच ओ, 'लॉस्ट'मध्ये एकच ओ. मग त्यांच्या क्रियापदातही एकच.

खरी गोम आपल्या उच्चारात आहे. इंग्रजीत सैल म्हणजे 'लूस', शेवटी स्वच्छ स. हरणं म्हणजे 'लूझ'. आपण मात्र 'पँट लूज झाली', 'लूज मोशन', 'तेल लूज देऊ की पिशवीतलं?' असं सगळीकडे 'जरा'तला ज लावतो. सैलसाठी जो उच्चार करतो तो नेमका हरण्याच्या उच्चाराजवळचा. दोन्ही शब्द कानाला एकच, मग स्पेलिंगची गल्लत होणारच.

हा एकटाच शब्द नाही. 'क्लोज फ्रेंड', 'काही यूज नाही', 'एक्स्क्यूज सांगू नकोस' हेही तसेच. इंग्रजीत जवळचा तो 'क्लोस', बंद करणं 'क्लोझ'. उपयोग 'यूस', वापरणं 'यूझ'. सबब 'एक्स्क्यूस', माफ करणं 'एक्स्क्यूझ'. स्पेलिंग तेच, पण नाम किंवा विशेषण असेल तर स आणि क्रियापद असेल तर झ. मात्र मराठीत बोलताना 'क्लोज फ्रेंड' सुधारायला जाऊ नका, तो शब्द आता आपला झालाय. मी एकदा घरी 'क्लोस फ्रेंड' म्हणून पाहिलं. बायकोने विचारलं, "दात दुखतोय का?"

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये सगळे 'प्लीज अ‍ॅडव्हाइस' लिहितात, सी घालून. ते चालतं का? (एक वाचक, ठाणे)

सर्रास दिसतं, पण चूक आहे. वरचाच नियम, फक्त इथे स्पेलिंगही बदलतं. सल्ला हे नाम : सी, उच्चार स. सल्ला देणं हे क्रियापद : एस, उच्चार झ. 'प्लीज'नंतर तुम्ही कुणाला काही करायला सांगताय, म्हणून एस. आणि सल्ला या अर्थी त्याचं अनेकवचनही करू नका, 'अ‍ॅडव्हाइसेस' मिळत नाहीत.

'प्रॅक्टिस'ला मात्र कान उपयोगाचा नाही, उच्चार एकच. ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस. अमेरिकेत दोन्हीकडे सी. 'लायसन्स'ची ब्रिटिश विभागणी अशीच, पण अमेरिकेत दोन्हीकडे एस. आपल्या ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्डावर सी छापलेला असतो. खिशातून काढून बघा.

प्रश्न : कर्जाच्या कागदावर 'प्रिन्सिपल'चा शेवट एल-ई असा केलाय. ही तर नीतितत्त्वं झाली ना? (एक वाचक, सांगली)

झाली खरी. तत्त्वाला एल-ई, मुद्दलाला ए-एल. दोन्ही शब्दांचं मूळ 'पहिला' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. ए-एलवाला शब्द मुळात 'मुख्य' असं सांगणारं विशेषण. मुख्य रक्कम म्हणजे मुद्दल, मुख्य शिक्षक म्हणजे प्राचार्य. 'अमाउंट'चं पहिलं अक्षर ए, ते आठवलं की पुरे. दुरुस्ती जरूर सुचवा. हप्ता मात्र दोन्ही स्पेलिंगांत तेवढाच.

प्रश्न : नव्या दुकानाची पाटी रंगवून झाली. आता भाचा म्हणतो, 'स्टेशनरी'त शेवटून तिसरं अक्षर ए नको, ई हवं. एवढा फरक पडतो? (एक दुकानदार, चिपळूण)

भाच्याला चहा पाजा. ए घातला तर अर्थ होतो स्थिर, जागचं न हलणारं. ई घातला तर वह्या, पेनं, कागद.

गंमत अशी की दोन्ही शब्द एकाच घरचे. मध्ययुगीन युरोपात बरेच विक्रेते गावोगाव फिरत. विद्यापीठांच्या आसऱ्याने पुस्तकं विकणारे मात्र एका जागी दुकान थाटून बसत, म्हणून त्यांना 'एका जागचा' या अर्थाचं लॅटिन नाव पडलं. त्याचं इंग्रजीत झालं 'स्टेशनर', शेवटी ई-आर. लंडनमध्ये 1403 साली त्यांचा संघ झाला, 1557 मध्ये त्याला राजसनद मिळाली. स्टेशनर विकतो ती स्टेशनरी, म्हणून ई.

पाटीवर पुढे 'व कटलरी' असेल तर तीही सांगून ठेवतो. इंग्रजीत कटलरी म्हणजे सुऱ्या, काटे, चमचे. तुमच्याकडे बांगड्या, पिना, कंगवे असणार. पण ते राहू द्या, गिऱ्हाईक त्याच नावाने शोधत येतं. ए पुसून ई करायला पेंटरला बोलवा. तो येईपर्यंत पाटी खोटं काहीच सांगत नाहीये : दुकान जागचं हललेलं नाही.